मैदान आपलंही आहे

हातातलं काम चालू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज मैदानाविषयी बोलायचंय. "मैदान म्हणजे बाप्यांचा विषय, आपलं काय त्यात?" असं एखादी म्हणेल. शेवटपर्यंत ऐका, मग ठरवा.

अंबाबाईच्या दर्शनाला आपण कोल्हापुरात जातो. देवळापासून थोडं चाललं की खासबागेचं कुस्ती मैदान लागतं. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोममधलं जुनं गोल क्रीडागृह पाहिलं. तसं मैदान आपल्या मल्लांसाठी असावं, असं त्यांच्या मनानं घेतलं. १९०७ साली काम सुरू झालं आणि १९१२ साली मैदान तयार झालं. मधोमध तांबड्या मातीचा हौद आणि भोवती चढत गेलेली बसायची जागा. पार मागं बसलेल्या माणसालाही डाव नीट दिसतो. पुढं १९१५ साली शेजारीच नाट्यगृह झालं. तेच आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. एका बाजूला कुस्ती, दुसऱ्या बाजूला नाटक, आणि दोन्ही लोकांसाठी.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्या नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. सगळं डोळ्यांदेखत जळालं. मैदानाकडच्या व्यासपीठालाही झळ पोचली. कोल्हापूरची माणसं तिथं उभी राहून रडली. मग कलाकार आणि रसिक एकत्र आले, "जसं होतं तसंच उभं करा" म्हणाले. सरकारनं निधी जाहीर केला. लोक गप्प बसले असते तर काय झालं असतं, याचा विचार करा.

लोकांचा पाठिंबा ही आपल्याकडं नवी गोष्ट नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निघाले, तेव्हा प्रवासाला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

पण बायांनो, पाठिंबा म्हणजे नुसती वर्गणी नव्हे. वर्गणी मागायला लोक आपल्या दारात येतात, श्रमदानाला पाट्या उचलायला आपल्याला बोलावतात. आराखडा ठरतो तेव्हा मात्र आपण तिथं नसतो. मग काय होतं? रंगरंगोटी होते, फाटकावर कमान उभी राहते, फलक लागतो. बाईमाणसाला जायला संडास मात्र नसतो.

आता पोरीही कुस्ती खेळतात. २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती गदा जिंकली. तिचं बघून गावोगावच्या पोरी "आम्हालाही शिकायचंय" म्हणतात. आपण त्यांना कुठं पाठवणार? गावची तालीम जुनी, कौलं गळकी. कपडे बदलायला आडोसा नाही. दिवस मावळल्यावर मैदानावर उजेड नाही. मग आईच म्हणते, "नको बाई, घरीच थांब." पोरगी कुस्तीत हरत नाही, ती दिव्याच्या खांबापाशीच हरते.

म्हणून मोठ्या शहरातलं मैदान असो की गावातली तालीम, ती नवी करायची म्हटली की आपण तीन कामं करायची.

पहिलं काम, पाहणी. बचत गटाच्या पाच-सहा जणींनी एकदा सकाळी आणि एकदा अंधार पडल्यावर मैदानाला फेरी मारायची. पाणी कुठं साचतं, दिवा कुठं नाही, म्हातारीला पायरी चढता येते का, हे वहीत लिहायचं. मैदानाबाहेर वडापावचा गाडा किंवा भाजीची पाटी लावणाऱ्या बाईलाही विचारायचं. काम सुरू असताना ती कुठं बसणार? काम झाल्यावर तिला जागा मिळणार का? परिसर सुधारला आणि तिचं पोट गेलं, तर ती कसली सुधारणा?

दुसरं काम, ठराव. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असा आपल्या राज्यात नियम आहे. ती सभा नुसती सह्यांपुरती होऊ देऊ नका. वहीतलं सगळं तिथं वाचून दाखवा. मुलींसाठी कपडे बदलायची खोली, संडास, पाणी, दिवे हे ठरावात शब्दाशब्दानं येऊ द्या. ठराव नोंदवहीत उतरला की नाही ते बघा आणि त्याची नक्कल मागून घ्या. तोंडी "करू की ताई" याला कागदावर किंमत नसते.

तिसरं काम, किल्ली. काम झाल्यावर मैदानाची किल्ली कुणाकडं राहणार, झाडलोट कोण करणार, मुलींची वेळ कोणती, हे उद्घाटनाच्या आधी ठरवून घ्या. नाहीतर नव्या खोलीत सिमेंटची पोती पडतात आणि संडासाला कुलूप लागतं.

गावातली जुनी माणसं म्हणतील, "तालमीत बाई आलेली चालत नाही." त्यांच्याशी भांडू नका. त्यांनी त्या मातीची सेवा केलीय. हळद, ताक, लिंबू घालून ती माती कशी राखायची, हे त्यांनाच ठाऊक आहे. "मामा, ते आमच्या पोरींना शिकवा," असं म्हणा. नातीसाठी आजोबा विरघळतात, हे आपल्याला घरात माहीत आहेच.

शाहू महाराजांनी मैदान असं बांधलं की मागच्यालाही पुढचं दिसावं. शंभर वर्षं आपण त्याच्याही मागं, भिंतीबाहेर उभ्या होतो. आता आत यायचं, आणि लेकीला घेऊन यायचं.

या आठवड्याच्या गटाच्या बैठकीत एवढं एकच करा. फेरीचा दिवस ठरवा आणि वही कोण धरणार तिचं नाव लिहा. काय दिसलं ते आम्हाला जरूर कळवा.

येते. नमस्कार.