कॅलिपर बसत नाही तेव्हा



आपल्या अधिवेशनात अध्यक्षाने गॅरेजच्या धंद्याच्या भवितव्यावर बोलावं अशी रीत आहे. मी मात्र आज जुन्या गाडीच्या एकाच भागावर बोलणार आहे, तो म्हणजे ब्रेकचा कॅलिपर. नवा कॅलिपर आणला आणि बसेना, किंवा बसला पण चाक मोकळं फिरेना, ही तक्रार आपल्या सगळ्यांच्या दारात येते. माझं ठाम मत आहे की अशा वेळी दोष बहुतेकदा कॅलिपरच्या आजूबाजूला असतो, आणि ग्राइंडर चालवला की तो सापडायची वाट बंद होते.

नवे पॅड ब्रॅकेटमध्ये सरकत नाहीत, तेव्हा आपण पॅडचे कान घासतो. पण ब्रॅकेटवरची पातळ पोलादी क्लिप आधी काढून पाहा. तिच्याखाली वर्षानुवर्षांचा गंज फुगलेला असतो आणि त्यानेच क्लिप वर उचललेली असते. कानस आणि वायर ब्रशने तो गंज काढला की तेच पॅड हाताने सरकतात. कान घासलेला पॅड मात्र पुढे ढिला होऊन ठोके देत राहतो.

कॅलिपरच्या आतही हेच घडतं. पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग तिथे नसते. चौकोनी छेदाचं रबरी सील ब्रेक दाबताना किंचित वाकतं, पाय काढल्यावर सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे आणतं. डिस्क ब्रेकचं मोकळं होणं या केसभर हालचालीवर आहे. सीलच्या खाचेत गंज साचला, तर नवं सीलसुद्धा वर उचललं जातं आणि पिस्टनला आवळून धरतं. पिस्टन आरशासारखा चकचकीत, सील कोरं, तरी ब्रेक जॅम! म्हणून दुरुस्ती संच टाकताना ती खाच तळापर्यंत साफ करा, पण तिच्या कडांना ओरखडा पडू देऊ नका. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या सरकपिनांना साधं ग्रीस लावू नका. त्याने रबर फुगतं. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच वापरा. काही गाड्यांत वरची आणि खालची पिन वेगळी असते. त्यांची अदलाबदल झाली, तर कॅलिपर तिरका अडकतो.

एक चूक अगदी सरळ दिसते, तरी दिवस खाते. पुष्कळ कॅलिपर डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना बसतात. बाजू चुकली की एअर काढायचं निपल खाली जातं, हवा वर अडकते आणि कितीही ऑइल ओतलं तरी पेडल कडक होत नाही. निपल नेहमी वरच हवं.

चाक जॅमच राहत असेल, तर नवा कॅलिपर मागवण्याआधी निपल सैल करून पाहा. चाक सुटलं नाही, तर पिस्टन किंवा पिना अडकल्या आहेत. सुटलं, तर दाब कोंडला होता. मग निपल आवळा, पुन्हा पेडल दाबा आणि आता रबरी होज जिथे लोखंडी पाइपला मिळतो तो जोड सैल करा. चाक तरीही जॅम राहिलं, तर होज आतून सुजून बंद झाला आहे. सुटलं, तर मास्टर सिलिंडरकडे चला. तिथे पुशरॉडला मोकळीक उरलेली नसते. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या होजपायी कितीतरी चांगले कॅलिपर भंगारात गेले आहेत.

आट्यांबद्दल मला काळजी वाटते. ॲम्बॅसडर मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातली गाडी, तिच्याबरोबर इंची आटे आपल्याकडे आले. जपानी घराण्याच्या गाड्यांत मेट्रिक आटे आहेत. ब्रेक पाइपचा ३/८ इंचाचा नट म्हणजे ९.५२५ मिलिमीटर, इंचाला २४ आटे. १० मिलिमीटरच्या, १ मिलिमीटर अंतराच्या आट्यांत तो दोन-तीन फेरे जातो आणि बसल्यासारखा वाटतो. घाटात पूर्ण दाब आल्यावर तो जोड सुटला, तर गाडीत माणसं असतात. हाताने जो नट शेवटपर्यंत जात नाही, त्याला पाना लावू नका. आधी आटे मोजा.

कुर्ल्याला बनलेल्या प्रीमियर पद्मिनीला चारही चाकांना ड्रम होते. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सींची सेवा संपली, पण हौशी मालकांनी या गाड्या जपल्या आहेत आणि पुढच्या चाकांना डिस्क लावून मागतात. इथे नुसतं ब्रॅकेट बनवून भागत नाही. ड्रमच्या अनेक मास्टर सिलिंडरांत पाइपात थोडा दाब राखणारा व्हॉल्व्ह असतो. तो राहिला तर पॅड डिस्कला घासत राहतात. कॅलिपरला ऑइल जास्त लागतं, म्हणून पेडल खोल जातं. ड्रमचा शू फिरण्याच्या ओढीने स्वतःच घट्ट होतो, तसं डिस्कचं होत नाही. त्यामुळे बूस्टर नसेल तर पायावर जोर येतो. हे सगळं बदलायची तयारी नसेल, तर त्या मालकाला नाही म्हणा. चांगले ड्रम त्या गाडीला पुरतात.

मित्रहो, जुन्या गाडीवर आपल्याआधी अनेक हात फिरलेले असतात आणि कोणी काय बदललं याची नोंद कुठेच नसते. माझी विनंती आहे, प्रत्येक गॅरेजने एक वही ठेवावी. गाडी, साल, डिस्कची जाडी, पिस्टनचा व्यास, आट्यांचा प्रकार, कोणत्या गाडीचा भाग बसवला, एवढं मराठीतच लिहावं आणि त्याची प्रत मालकाला द्यावी. नाना पेठेतल्या आणि कुर्ल्यातल्या व्यापारी मित्रांनी बिलावर पिस्टनचा व्यास आणि आटे लिहावेत. आयटीआयच्या शिक्षकांनी मुलांच्या हाती ग्राइंडरच्या आधी व्हर्नियर द्यावा. पुढच्या अधिवेशनाला येताना आपापली वही घेऊन या. त्या नोंदी एकत्र करून छापण्याचं काम आपण सगळे मिळून करू.