‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ : लॅसिकचे आकडे कसे वाचायचे

आजचा विषय आपल्यापैकी कितीतरी जणांच्या नाकावर बसलेला आहे. चष्मा. आणि तो घालवायचं ऑपरेशन, म्हणजे लॅसिक. मागच्या दोन महिन्यांत ऐकणाऱ्यांपैकी तिघांनी मला एकच प्रश्न पाठवला: ‘लेझरने नंबर काढून घेऊ का?’

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, पोटासाठी कोड लिहितो. त्यामुळे ‘करा’ किंवा ‘करू नका’ हे मी सांगणार नाही. पण माझा स्वतःचा नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस साडेपाच आहे, आणि हाच निर्णय गेलं वर्षभर माझ्याही टेबलावर पडलाय. म्हणून याच्यावरचे संशोधनाचे पेपर वाचायला घेतले. डोळ्यांबद्दल शिकलोच, पण त्याहून जास्त शिकलो ते ‘यशस्वी’ या शब्दाबद्दल. तेच आज सांगायचंय.

थोडा इतिहास, कारण आपल्या धंद्याशी नातं आहे. ज्या लेझरने हे काम होतं त्याला एक्सायमर लेझर म्हणतात. मुळात तो डोळ्यांसाठी नव्हताच. १९८१ साली आयबीएमच्या प्रयोगशाळेत मद्रासमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे दोन सहकारी, सॅम्युअल ब्लम आणि जेम्स वाईन, त्याच्याशी खेळत होते. श्रीनिवासन यांनी थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेला टर्कीचा तुकडा आणला आणि त्यावर लेझर मारून पाहिला. कडा अजिबात न जळता स्वच्छ खाच पडली. पुढे १९८३ मध्ये स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञांबरोबर हाच प्रयोग गाई-बैलांच्या डोळ्यांवर झाला, आणि तिथून आजच्या ऑपरेशनपर्यंतचा रस्ता सुरू झाला.

ऑपरेशन थोडक्यात असं. बुबुळाच्या पुढे जो पारदर्शक पडदा असतो, कॉर्निया, त्याची एक पातळ चकती कापून झाकणासारखी उघडतात. तिला फ्लॅप म्हणतात. खालच्या थरातलं थोडं ऊतक लेझरने काढून आकार बदलतात, आणि फ्लॅप परत जागेवर ठेवतात. लेझरचं प्रत्यक्ष काम एका डोळ्याला मिनिटभराच्या आतबाहेर.

आता मुद्द्यावर. जाहिरातीत काय असतं? ‘यशाचं प्रमाण अमुक टक्के.’ हा आकडा बहुतेक वेळा खोटा नसतोच. पण यश म्हणजे काय मोजलं? तर बहुधा भिंतीवरचा तक्ता. चष्म्याशिवाय ६/६ ची ओळ वाचता आली की यश. तक्ता मात्र उजेडाच्या खोलीत, काळ्या-पांढऱ्या अक्षरांचा, समोर स्थिर उभा असतो. रात्री साडेनऊला हिंजवडीहून बाईकवर घरी जाताना समोरून हाय बीम टाकून येणारी गाडी त्या तक्त्यावर नसते.

माझ्या टीममधल्या एकाचं उदाहरण देतो, त्याच्या परवानगीनेच. ऑपरेशन व्यवस्थित झालं, चष्मा गेला. पण रात्री प्रत्येक दिव्याभोवती खळं दिसायला लागलं. चंद्राला पावसाळ्यात पडतं ना, तसं. तीन महिन्यांच्या तपासणीत त्याने हे सांगितलं. उत्तर मिळालं, ‘६/६ आहे, रिपोर्ट नॉर्मल आहे.’ आपल्याकडे क्लायंटने बग कळवला की कुणीतरी म्हणतं ना, ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’, अगदी तसंच. त्यानंतर तो तिथे परत गेलाच नाही. म्हणजे त्या दवाखान्याच्या नोंदीत तो कोण आहे? यशस्वी केस. आणि गंमत अशी, की ‘पुन्हा संधी मिळाली तर करशील का?’ असं विचारलं तर तो लगेच ‘हो’ म्हणतो. त्याची तक्रार एवढीच: ‘हे होऊ शकतं असं आधी सांगायला हवं होतं.’

हा एका माणसाचा अनुभव झाला. पण नेमका हाच प्रश्न अमेरिकेत सरकारी पातळीवर विचारला गेलाय. तिथली औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी संस्था म्हणजे एफडीए. २००८ मध्ये तिच्यासमोर सुनावणी झाली आणि लॅसिकनंतर त्रास झालेल्या लोकांनी आपलं म्हणणं मांडलं. २००९ मध्ये एफडीए, तिथली राष्ट्रीय नेत्रसंस्था आणि संरक्षण खातं यांनी मिळून एक प्रकल्प सुरू केला. त्यातून जे दोन अभ्यास झाले त्यांचं नाव ‘प्राउल’: पेशंट रिपोर्टेड आउटकम्स विथ लॅसिक. पहिल्यात नौदलात सेवेत असलेले २६२ जण, दुसऱ्यात ३१२ सामान्य नागरिक. सरासरी वय पहिल्यात साधारण २९, दुसऱ्यात ३१-३२. म्हणजे आपलीच पिढी. निष्कर्ष २०१७ मध्ये छापून आले.

यात नवीन काय होतं? त्यांनी तक्त्यावर न थांबता माणसाला विचारलं. ऑपरेशनच्या आधी एकदा आणि नंतर ठरावीक महिन्यांनी, वेबवरच्या प्रश्नावलीतून. एकाच्या दोन प्रतिमा दिसतात का? उजेडाने डोळे दिपतात का? दिव्याभोवती खळं दिसतं का? दिव्यातून ताऱ्यासारखे किरण फुटतात का? आणि प्रत्येक त्रास कसा दिसतो याची चित्रं दाखवली, म्हणजे शब्दावरून घोळ नको.

आता निकाल ऐका, पण पूर्ण ऐका. ९५ टक्क्यांहून जास्त लोक आपल्या नजरेवर समाधानी होते. आणि त्याच अभ्यासात, ज्यांना ऑपरेशनआधी यातला एकही त्रास नव्हता, त्यांच्यापैकी पहिल्या गटात ४३ टक्के आणि दुसऱ्या गटात ४६ टक्के लोकांनी तीन महिन्यांनी किमान एक नवा त्रास सांगितला. सगळ्यात जास्त तक्रार खळ्याची. डोळे कोरडे पडण्याचा त्रास ज्यांना आधी नव्हता, त्यांच्यापैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांना तो जाणवायला लागला.

इथे बरेच जण दोनपैकी एकच आकडा उचलतात. दवाखाने ९५ वाला, घाबरवणारे व्हिडिओ ४६ वाला. दोन्ही खरे आहेत. ४६ टक्के हे सगळ्या पेशंटपैकी नाहीत, आधी काहीच त्रास नसलेल्यांपैकी आहेत. उलट चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स लावूनही आधी असे त्रास असणारे बरेच होते, आणि त्यातल्या अनेकांचे ते गेले. सगळ्यांचा हिशोब धरला तर अशा त्रासांचं प्रमाण कमीच झालं. शिवाय या त्रासामुळे रोजची कामं करणं खूप अवघड झालं असं सांगणारे एक टक्क्याहूनही कमी होते.

आपल्या भाषेत सांगू? नवा रिलीज आला, एकूण बग कमी झाले. पण जे आधी नीट चालत होतं त्यातलं काहीतरी बिघडलं. मॅनेजर एकूण आकडा दाखवेल, आणि ज्याचं बिघडलं तो आपलं दाखवेल. कुणीच खोटं बोलत नाही. निर्णय घेणाऱ्याला मात्र दोन्ही आकडे हातात हवेत.

आणि त्या अभ्यासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. लोकांनी आपले त्रास डॉक्टरांना तोंडी जेवढे सांगितले, त्याच्या दुपटीहून जास्त वेळा प्रश्नावलीत लिहिले. म्हणजे डॉक्टरने लपवलं असंच नाही, आपणही बोलत नाही. ‘एवढे पैसे घातले, नंबर तर गेलाय, आता काय कुरकुर करायची!’ आपल्याकडे तर हे आणखीच. त्यामुळे ‘आमच्याकडे कुणाची तक्रार नाही’ या वाक्याचा अर्थ ‘आम्ही विचारलं नाही’ असाही असू शकतो.

आता दुसऱ्या जातीची गुंतागुंत. क्वचित होणारी, पण गंभीर. तिचं नाव एक्टेशिया. कॉर्निया कमकुवत होऊन पुढे फुगत जातो आणि नजर बिघडते. हे महिन्यांनी, कधी काही वर्षांनी समोर येतं. तीन किंवा सहा महिने पाठपुरावा करणारा अभ्यास ते पकडणारच नाही. आणि माणसंही कमी पडतात. संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे, तीनचा नियम. ३०० जणांत एखादी गोष्ट एकदाही घडली नाही, तर तिचं खरं प्रमाण शून्य आहे असं म्हणता येत नाही. फक्त ते बहुधा ३ भागिले ३००, म्हणजे एक टक्क्याच्या आत आहे, एवढंच म्हणता येतं. म्हणून ‘आमच्या ३०० केसेसमध्ये एकही नाही’ ऐकलं की मनातल्या मनात हा भागाकार करायचा.

एक्टेशियाचा धोका कुणाला जास्त, याचं काही गणित मात्र आधीच मांडता येतं. कॉर्नियाची जाडी मधोमध साधारण ५४० मायक्रॉन असते. सहा मिलिमीटरच्या भागावर काम केलं तर दर एक नंबरामागे ढोबळमानाने १२ मायक्रॉन ऊतक जातं. फ्लॅप समजा ११० मायक्रॉनचा. आता माझं गणित: जाडी ५१२, नंबर साडेपाच, म्हणजे ६६ मायक्रॉन लेझरने जाणार. ११० अधिक ६६, १७६. खाली उरले ३३६, आणि एकूण जाडीच्या ३४ टक्के भागाला हात लागला. खाली किमान २५० मायक्रॉन तरी राहावेत असा जुना संकेत आहे, बरेच सर्जन ३०० धरतात. आणि २०१४ मधल्या एका अभ्यासात, नकाशा नॉर्मल असलेल्या डोळ्यांतही, हा टक्का ४० किंवा त्याहून वर गेला की एक्टेशियाशी घट्ट संबंध दिसला.

आता दुसरा डोळा घ्या: जाडी ४८०, नंबर आठ. ९६ अधिक ११०, २०६. उरले २७४. जुन्या संकेतात बसतं, पण टक्का होतो ४३. म्हणजे एका निकषावर पास, दुसऱ्यावर नापास. आणि आपल्याकडची एक विसंगती बघा. नंबर साडेसातपेक्षा कमी असेल तर मेडिक्लेममध्ये चष्म्याच्या नंबराच्या ऑपरेशनचा खर्च साधारणपणे मिळत नाही. म्हणजे विम्याचे पैसे मिळण्याची शक्यता सुरू होते तिथेच, जिथे कॉर्नियातून जास्त ऊतक काढावं लागतं. ‘इन्शुरन्समध्ये बसतंय’ हे ऑपरेशन करायचं कारण नव्हे.

एक्टेशियाचा सगळ्यात मोठा धोका त्यांना, ज्यांना आधीपासून छुपा केराटोकोनस आहे. यात कॉर्निया आपोआपच पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. आणि इथे आपल्या महाराष्ट्राचा एक अभ्यास आहे. नागपूरजवळच्या खेड्यांत तीस वर्षांवरच्या चार हजार सहाशेहून जास्त लोकांचे डोळे तपासले गेले, २००९ मध्ये पेपर आला. केराटोकोनसचं प्रमाण निघालं २.३ टक्के. अमेरिकेत मिनेसोटातल्या १९८६ च्या प्रसिद्ध अभ्यासात ते होतं लाखात साधारण ५४, म्हणजे ०.०५ टक्के. चाळीसपटीहून जास्त!

थांबा, लगेच घाबरू नका. नागपूरच्या अभ्यासात कॉर्नियाची वक्रता ४८ डायॉप्टर किंवा जास्त असेल तर केराटोकोनस धरला होता, आणि गावोगावी जाऊन सगळ्यांना तपासलं होतं. मिनेसोटात दवाखान्यात निदान झालेले लोक मोजले. व्याख्या वेगळी, शोधायची पद्धत वेगळी, म्हणून आकडा वेगळा. खरा फरक चाळीसपट असेलच असं नाही. पण परदेशातली टक्केवारी जशीच्या तशी इथे लावू नये, आणि ऑपरेशनआधी कॉर्नियाचा नकाशा, म्हणजे टोपोग्राफी, नीट झालीच पाहिजे, एवढं त्यातून नक्की कळतं. सतत डोळे चोळायची सवय असेल तर तीही डॉक्टरांना सांगा, तिचा केराटोकोनसशी संबंध दिसलाय. आणि सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तपासणीआधी दोन आठवडे बंद ठेवा असा एफडीएचा सल्ला आहे, कारण लेन्समुळे कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि नकाशा चुकतो.

मग दवाखान्यात काय विचारायचं? मी माझ्या फोनमध्ये पाच प्रश्न लिहून ठेवलेत. एक: यश म्हणजे तुम्ही काय मोजता, फक्त ६/६, की रात्रीचं दिसणंही? दोन: किती महिन्यांनी मोजता, आणि जे परत आले नाहीत त्यांचं काय करता? तीन: माझी जाडी, फ्लॅप आणि उरणारे मायक्रॉन कागदावर लिहून द्याल का? चार: माझा टोपोग्राफीचा नकाशा मला मिळेल का, दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला? पाच: अंधारात खळी दिसली, डोळे कोरडे पडले, तर पुढचा उपाय काय? यात नवं मशीन असो, फ्लॅप नसलेली स्माइल पद्धत असो, प्रश्न तेच. फक्त तिसऱ्याचं गणित थोडं बदलेल.

या प्रश्नांवर जो डॉक्टर शांतपणे बसून उत्तर देतो, त्याच्याकडे निम्मं काम झालं. जो ‘अहो, काही होत नाही, दहा मिनिटांचं काम आहे’ म्हणतो, तिथे मी दुसरं मत घेईन.

माझं विचाराल तर गणित बसतंय, नकाशा स्वच्छ आहे. पण गेल्या वर्षभरात नंबर पाव अंकाने हलला, म्हणून आणखी सहा महिन्यांनी परत तपासायचं ठरवलंय. आणि बाईक रोज रात्रीची आहे, त्यामुळे खळ्याची किंमत माझ्यासाठी जास्त आहे. दिवसा घरून काम करणाऱ्याला ती कमी वाटेल. क्रिकेट खेळणाऱ्याला, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्याला चष्मा जाण्याची किंमतच वेगळी. एकाच आकड्यावरून दोन माणसं दोन वेगळे निर्णय घेऊ शकतात, आणि दोघंही बरोबर असू शकतात.

तुमच्यापैकी कुणी हे ऑपरेशन करून घेतलं असेल आणि काही त्रास होत असेल, तर एक विनंती. गप्प बसू नका. डॉक्टरांना सांगा, तारीख घालून लिहून द्या, फाइलला लावायला सांगा. मोजलं तेच जातं जे कुणीतरी बोलतं. पुढच्या माणसाला खरा आकडा मिळायचा असेल तर तो आपल्याकडूनच जायला हवा.

आज एवढंच. डोळे चोळू नका, काळजी घ्या. पुढच्या भागात भेटूच.