मोटारीचा मूळ रंग

पुणें आणि सुपें हीं दोन नांवें मराठ्यांच्या इतिहासांत जोडीनेंच उच्चारलीं जातात. शहाजीराजांची ती जहागीर. सुप्याहून दक्षिणेकडे उतरत गेलें म्हणजे नीरा नदी लागते आणि तिच्या कांठीं होळ नांवाचें गांव आहे. मल्हाररावांच्या घराण्याला होळकर हें आडनांव मिळालें तें याच गांवावरून. मेंढपाळाच्या कुळांतला हा मुलगा पुढें माळव्याचा सुभेदार झाला, ही हकीकत शाळेंतल्या पोरांनाहि ठाऊक असते. त्याच घराण्याच्या इंदूरच्या गादीवर १९२६ सालीं यशवंतराव होळकर बसले. मल्हाररावांची हौस घोड्यांची, तर यांची मोटारींची! त्यांच्या या नव्या पागेंतील एक गाडी जगांतील रसिकांच्या आजहि तोंडीं आहे.

ती गाडी म्हणजे एस्‌जे जातीची ड्यूसेनबर्ग. तिचें इंजिन व लोखंडी सांगाडा अमेरिकेंत, इंडियानापोलिस शहरीं तयार झाला. आठ सिलिंडरांचें, जवळजवळ सात लिटरांचें हें इंजिन. त्याला सुपरचार्जर जोडल्यावर ३२० अश्वशक्ति मिळते असा कंपनीचा दावा असे. सांगाड्यावरील देह मात्र लंडनच्या चेल्सी भागांतील गर्नी नटिंग यांच्या कारखान्यानें चढविला. सांगाडा भलताच लांब आणि बसण्याची सोय फक्त दोघांची, अशी ही राजेशाही उधळपट्टी आहे. पुढें ही गाडी अमेरिकेंत गेली आणि तेथील प्रदर्शनांतून ती नारंगी व काळ्या रंगांत झळकली.

आतां हा नारंगी रंग पाहून मराठी माणसाच्या मनांत चटकन्‌ एक विचार येतो, कीं हा तर आपला भगवा! कल्पना मोठी गोड आहे. परंतु गोड कल्पना आणि पुरावा यांत अंतर आहे, आणि जुन्या मोटारींचे जाणकार तें अंतर फार काटेकोरपणें जपतात. यशवंतरावांनीं इंदूरचा माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेसिउस या जर्मन वास्तुविशारदाकडून बांधून घेतला आणि खुर्च्या, दिवे, गालिचे यांतील प्रत्येक वस्तु नव्या युरोपीय अभिरुचीची निवडली. अशा मालकानें रंग निवडला तो निशाणाकडे पाहून, कीं पॅरिस-बर्लिनच्या त्या काळच्या चित्रकलेकडे पाहून, हें नुसत्या तर्कानें ठरण्यासारखें नाहीं. रंगापुरतें बोलायचें तर साक्ष गाडीकडूनच घ्यावी लागते.

प्रथम प्रश्न येतो तो “मूळ रंग” म्हणजे काय याचाच. एखादी १९६१ सालची जॅग्वार ई-टाइप घेतली, तर उत्तर सोपें असतें. गाडी कारखान्यांतून रंगूनच बाहेर पडे, आणि तिचा सांगाड्याचा क्रमांक, बाहेरचा रंग, आंतील कातड्याचा रंग, रवानगीची तारीख या सर्वांची नोंद वहींत होई. त्या वह्या इंग्लंडांत एका न्यासानें जपून ठेविल्या असून, मालकानें मागणी केल्यास त्यांतील उतारा दाखल्याच्या रूपानें मिळतो. ड्यूसेनबर्गची गोष्ट निराळी. कारखान्यानें पाठविला तो उघडा सांगाडा. कपडा एकीकडे घ्यावा आणि शिंप्याकडे अंगरखा शिवावा, तसा हा व्यवहार होता. म्हणून येथें मूळ रंग म्हणजे देह बांधणाऱ्या कारागिरांनीं गिऱ्हाइकाच्या पसंतीनें दिलेला पहिला रंग. असे कितीतरी कारखाने पुढें बुडाले, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या वह्याहि रद्दींत गेल्या.

वही नसली म्हणजे लोक जुन्या छायाचित्राकडे धांव घेतात, आणि नेमके तेथेंच फसतात. पूर्वीच्या कृष्णधवल पट्ट्यांपैकीं पुष्कळ पट्ट्यांना तांबडा प्रकाश दिसतच नसे. त्यांवर तांबडा रंग काळा उमटे, नारंगीहि बराच काळवंडे आणि निळा मात्र पांढुरका दिसे. सर्व रंग टिपणारी पट्टी पुढें प्रचारांत आली. तिच्यावर तोच नारंगी उजळ करडा उतरतो. म्हणजे एकाच गाडीच्या दोन छायाचित्रांवरून दोन प्रामाणिक माणसें दोन निरनिराळे रंग शपथेवर सांगतील! छायाचित्राचा खरा उपयोग एवढाच, कीं दोन रंगांची सीमारेषा कोठून कोठें जात होती हें त्यावरून पक्कें कळतें.

मग उरतो तो खुद्द गाडीच्या अंगावरचा रंग. जुन्या गाडीवर पांचसहा थर सहज असतात. संस्थानिकांच्या गाड्या संस्थानें विलीन झाल्यावर हातोहात विकल्या गेल्या. कोणी त्या लग्नाच्या वरातीसाठीं पांढऱ्या केल्या, कोणी चित्रपटासाठीं तांबड्या. जाणता कारागीर अशा गाडीवर एखादी झांकलेली जागा निवडतो: दाराच्या बिजागरीखालची, दिव्याच्या पट्टीमागची, मागच्या क्रमांकाच्या पाटीखालची. तेथें अगदीं बारीक काचकागद पाण्यांत भिजवून तो रुपयाएवढी जागा हलक्या हातानें घासतो, मध्यभागीं अधिक आणि कडेला कमी. थोड्या वेळांत तेथें झाडाच्या बुंध्यावर दिसतात तशीं वर्तुळें उमटतात. सर्वांत बाहेरचें वर्तुळ कालपरवांचें आणि मधला ठिपका धातूचा. धातूलगत अस्तर असतें, आणि अस्तरावर जो पहिला खरा रंग लागतो तो मूळ रंग, असें सामान्यतः समजावें.

“सामान्यतः” म्हणण्याचें कारण आहे. लोखंडी पत्र्यावरचें अस्तर कित्येकदां काव्यासारखें तांबूस असे. तेंच डाळिंबी रंग समजून लोकांनीं अख्ख्या गाड्या डाळिंबी केल्या आहेत. कोठें खड्डा बुजविण्यास लांबी भरलेली असते, तिच्या करड्या रंगाचा घोटाळा होतो. आणि दारच जर अपघातानंतर दुसऱ्या गाडीवरून काढून बसविलें असेल, तर तें त्या दुसऱ्या गाडीचा इतिहास सांगतें! म्हणून एका ठिकाणच्या साक्षीवर निकाल देऊं नये. बॉनेट, दोन्ही दारें, मडगार्ड, मागची पेटी, इतक्या निरनिराळ्या जागीं तोच थर त्याच क्रमानें भेटला, तरच तो ग्राह्य धरावा.

याच्याहि पलीकडे प्रयोगशाळेचें काम आहे. रंगाचा मोहरीएवढा कपचा पारदर्शक राळेंत बसवून कापतात व सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. तेथें थर तर मोजतां येतातच. पण दोन थरांमध्यें धुळीची व मेणाची काळपट रेघ आहे कीं नाहीं हेंहि दिसतें, आणि ही रेघ फार महत्त्वाची. रेघ असेल तर खालचा रंग कांहीं काळ ऊनवारा खात रस्त्यावर हिंडला होता; रेघ नसेल तर दोन्ही थर एकाच रंगकामाचे. रंगद्रव्यांवरूनहि काळ ठरतो. फ्थॅलोसायनिन नांवाचें निळें द्रव्य १९३५ सालीं बाजारांत आलें. तें ज्या थरांत सांपडेल तो थर १९३० सालच्या गाडीचा पहिला थर असूं शकत नाहीं, मग मालक कांहींहि म्हणो. रंगाच्या जातीवरूनहि कांहीं कळतें. १९२३ सालीं ड्यू पाँट कंपनीनें ड्यूको नांवाचा नायट्रोसेल्युलोजचा रंग काढला. तोंपर्यंत तेलाच्या व व्हार्निशाच्या रंगाचे हात एकावर एक देऊन गाडी पुरी होण्यास आठवडेच्या आठवडे लागत. हा रंग कांहीं तासांत वाळूं लागला.

थर सांपडला तरी त्याची छटा जशीच्या तशी उचलतां येत नाहीं. तेलाचा रंग अंधारांत पिवळटतो, तांबड्या जातीचे कित्येक रंग उन्हांत फिकटतात, आणि वरची पारदर्शक झिलई पिवळी पडली म्हणजे खालचा निळा हिरवट दिसूं लागतो. यासाठीं बिजागरीच्या पट्टीखालीं सांपडलेली अंगुळभर जागा भर उन्हांत तळपलेल्या सबंध छपरापेक्षां अधिक विश्वासाची ठरते.

आपल्याकडे आणखी एक साक्षीदार आहे, तो म्हणजे नोंदणीचा दाखला. त्यांत रंगाचा रकाना असतो. परंतु तो रंग नोंदणीच्या दिवशींचा. जन्माच्या वेळचा नव्हे. आणि गाडी रंगविल्यावर कचेरींत जाऊन तसें कळविणारे मालक किती, याचा अंदाज ज्याचा त्यानें करावा. २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठीं निराळे नियम केले. गाडी मूळ स्वरूपांत जपलेली असावी, सांगाडा, देह व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी त्यांत अट असून अशा गाड्यांना निराळ्या अक्षरांची पाटी मिळते. तेव्हांपासून मूळ काय, हा प्रश्न पुष्कळ घरांतून नव्यानें विचारला जाऊं लागला आहे.

धोका आहे तो याच घरांत. आजोबांची गाडी वीस वर्षें गोठ्यालगत पडून असते. नातवाला ती चकचकीत करावीशी वाटते. आणि रंगारी पहिल्या दिवशींच रंग उतरविण्याचें औषध लावून ती नखशिखांत उघडी करतो. एका दुपारीं पांचहि थर, त्यांतल्या धुळीच्या रेघांसह, गटारांत जातात. त्यानंतर कितीहि पैसा ओतला तरी त्या गाडीचा रंग कोणीहि सिद्ध करूं शकत नाहीं. दुसऱ्या गाडीकडे बोट दाखवून अनुमान तेवढें करतां येतें. होळकरांच्या गाडीबद्दल निदान जग चौकशी करतें. बारामती-इंदापुराकडच्या एखाद्या वाड्यांतील गाडीची चौकशी तिच्या मालकाशिवाय करणार कोण?

चांगले कारागीर म्हणून काम सुरू करण्यापूर्वीं प्रत्येक भागाचीं रंगीत छायाचित्रें दिवसाच्या उजेडांत घेतात आणि पाकिटांत कपचे ठेवून त्यांवर जागा व तारीख लिहितात. घासून दाखविलेली ती रुपयाएवढी वर्तुळें ते नव्या रंगाखालींहि पुसत नाहींत. बिजागरीखालचें एक वर्तुळ तसेंच राखून त्यावर पट्टी पुन्हां स्क्रूनें बसवितात, आणि स्क्रू फार घट्ट पिळीत नाहींत.