वेर्णा की कुडाळ?

मंडळी, सावंतवाडीहून गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत मुलाखतीला निघालेली आयटीआयची मुलं विचारतात, “सर, काय विचारतील?” मी म्हणतो, व्याख्या पाठ करू नका, कारण सांगा. स्टार-डेल्टा स्टार्टर कशासाठी? तर सुरू होताना मोटार थेट जोडणीच्या एक तृतीयांशच प्रवाह ओढते म्हणून.

पण काही प्रश्न उमेदवारानेही विचारायचे असतात. नेमणूकपत्र कंपनीचं की कंत्राटदाराचं? भविष्य निर्वाह निधी भरतात का? कंपनीची बस कुठपर्यंत येते?

मग घरी बसून हिशेब करा. जाऊन-येऊन चार तास धरले तर २६ दिवसांत १०४ तास होतात. म्हणजे आठ तासांच्या १३ पाळ्या नुसत्या रस्त्यावर! त्यात पावसाळा आणि रात्रपाळीनंतर दुचाकीवरची डुलकी. चार पैसे जास्त मिळाले, तरी ते कशाच्या बदल्यात, हे पाहायला नको?

काम शिकायला मिळत असेल, तर वेर्ण्याला खुशाल जा. मात्र तिथेच खोली घ्या. घरी आजारी आई-वडील असतील, तर कुडाळच्या एमआयडीसीतली कायम नोकरी कमी पगाराचीही परवडते. कंत्राट मात्र दोन्हीकडे असतं. म्हणून गाव पाहण्याआधी नेमणूकपत्र वाचा.