काट्यापासून पावतीपर्यंत

सातारा-सांगली भागात गळीत हंगाम सुरू झाला, की उसाच्या ट्रॉल्यांची रांग कारखान्याच्या वजनकाट्यापुढे लागते. ट्रॉली काट्यावर चढते, खोलीतल्या संगणकावर आकडा उमटतो आणि पावती छापून हातात पडते. वर्ष-दीड वर्षाच्या कष्टाचे पैसे त्या पावतीवर ठरतात. हा आकडा संगणकात येतो कसा, हे आज मी आपल्याला सांगणार आहे.

वजनाचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम स्वतः काट्याला हात लावत नाही; त्याला तशी परवानगीच नसते. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. काटा, कीबोर्ड, प्रिंटर, डिस्क यांच्याशी व्यवहार होतो तो त्याच्यामार्फत. कराडजवळच्या खोडशी बंधाऱ्यातून निघालेला कृष्णा कालवा सांगली जिल्ह्यात जातो. शेतकरी पाण्यासाठी अर्ज भरतो आणि पाळी आली की पाटकरी दार उघडतो. ज्याने त्याने आपापले दार उचलले, तर टेलच्या शेताला पाणी पोचायचे नाही. कर्नेल हा संगणकातला पाटकरी. दोन प्रोग्रॅमना एकाच वेळी डिस्कवर लिहायचे असले, तर तो त्यांना पाळी लावून देतो.

डॉसच्या काळात हा पाटकरी नावालाच होता. कोणताही प्रोग्रॅम थेट यंत्राला हात घाली आणि तो अडकला की सगळा संगणक अडके. पुढे १९९१ साली सुरू झालेल्या लिनक्सने आणि १९९३ च्या विंडोज एनटीने प्रोसेसरमधलीच परवानगीची सोय वापरून प्रोग्रॅमना यंत्रापासून दूर ठेवले.

काट्याचा आकडा तारेतून एकेक अक्षराने येतो. सेकंदाला ९६०० बिट या वेगाने एक अक्षर यायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. तेवढ्यात ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे ३० लाखांवर ठोके पडतात. तो वाट पाहत बसला, तर बाकीची कामे पडून राहतील. म्हणून अक्षर आले की पोर्टच त्याला हाक मारतो. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. हातातले काम क्षणभर बाजूला ठेवून कर्नेल ते अक्षर उचलतो आणि प्रोग्रॅमने मागेपर्यंत जपून ठेवतो. प्रत्येक यंत्राची बोली निराळी; ती जाणणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर.

हा ड्रायव्हर बहुधा कर्नेलच्या आतच बसतो आणि त्याची चूक सगळ्यांना भोवते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा-प्रोग्रॅमच्या अशाच आतल्या भागाला सदोष माहिती मिळाली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. आपल्याकडे काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. म्हणून कुठलाही अनोळखी ड्रायव्हर संगणकात घालू नये.

आणखी एक गोष्ट. काट्याने पाठवलेली अक्षरे कर्नेल इमानाने पोचवतो, पण काटा खरा की खोटा हे त्याला कळत नाही. पुढे प्रोग्रॅमने आकड्यात काही बदल केला, तर तेही कळत नाही. तेव्हा काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा पडताळणीचा शिक्का आहे का, रिकाम्या काट्यावर शून्य दिसते का आणि काट्याच्या डिस्प्लेवरचा आकडाच पावतीवर छापला आहे का, या तीन गोष्टी आपल्या डोळ्यांनी पाहा. मगच ट्रॉली पुढे न्या.