कानाने शिकलेले इंग्रजी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



चाळीस वर्षे मी इंग्रजी वाचते आहे. पण दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत मुलीकडे गेले, तेव्हा सहा वर्षांचा नातू काय म्हणतो तेच कळेना. मी नुसती हसून मान डोलवी. शेवटी त्याने माझ्याशी बोलणेच सोडले. ते मनाला फार लागले.

दोष कानांचा नव्हता, सवयीचा होता. आपण इंग्रजी डोळ्यांनी शिकलो. पुस्तकातल्या 'व्हॉट डू यू वॉन्ट टू डू'चे पोराच्या तोंडी 'व्हॉडय वॉना डू' होते. आपण तरी 'गेला होता' कुठे म्हणतो? 'गेलावता'च म्हणतो ना! इंग्रजीत जोर मुख्य शब्दांवर पडतो, बारीकसारीक शब्द गिळले जातात.

परतल्यावर मुलीला सांगितले, त्याचे बोलणे मोबाईलवर मुद्रित करून पाठव. अर्ध्या मिनिटाचा तुकडा आधी नुसता ऐकायचा, मग ऐकू येईल तसा लिहायचा, शेवटी मुलीने लिहून पाठविलेल्या मजकुराशी ताडायचा. चुकले तेवढे पुन्हा ऐकायचे. मजकूर आधी पाहायचा नाही, हे पथ्य.

असे बोलणारे माणूस ज्यांच्याजवळ नाही, त्यांच्यासाठी बीबीसी आहे. ती १९४३ पासून इंग्रजी शिकवीत आली आहे. तिचे सहा मिनिटांचे पाठ मजकुरासह फुकट मिळतात.

गेल्या महिन्यात फोनवर नातवाने विचारले, "आजी, व्हेन यू गॉना कम?" मी पुन्हा न विचारता उत्तर दिले. मग अर्धा तास तो बोलतच होता.