पेवांच्या गावी आपले स्वागत



कृष्णाकाठच्या या सांगली नगरीत स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले ते याच गावी. ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवल इथून हाकेच्या अंतरावरच्या हरिपूरचे. 1943 च्या जुलैत वसंतदादा पाटील आणि त्यांच्या सोबत्यांनी इथला तुरुंग फोडला, तेव्हा बाहेर त्यांची वाट अडवून उभी होती ती पुराने फुगलेली कृष्णाच. हा अभिमान कितीही सांगितला तरी थोडाच आहे. पण पाहुण्यांना सांगलीची एकच गोष्ट सांगायची झाली तर मी हरिपूरच्या पेवांची सांगेन, आणि त्यासाठी आपला थोडा अधिक वेळ घेईन.

सांगलीची हळद सर्वांना ठाऊक आहे. ती साठवली कुठे जायची हे फार थोड्यांना माहीत असते. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेले कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे, आत मात्र ऐसपैस. हरिपूरची माती चिकट. ती सहसा ढासळत नाही आणि ओल आत येऊ देत नाही. कडेने उसाचा पाला लावायचा, हळद भरायची, तोंड बंद करून वरून माती लिंपून टाकायची. आत हवा उरली नाही की कीडही उरत नाही, आणि हळद वर्षानुवर्षे टिकते. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, हा इथला पहिला नियम. काही तास तोंड उघडे ठेवायचे, कंदील आत सोडायचा, तो तेवत राहिला तरच माणसाने उतरायचे. हे शास्त्र कुठल्या विद्यापीठाने शिकवले नव्हते. पेवांत उतरणाऱ्या कष्टकऱ्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जपले आणि त्यांच्या जिवावर या बाजारपेठेचा लौकिक उभा राहिला. त्यांच्यापैकी एकाचेही नाव या शहरातल्या एखाद्या चौकाला नसावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरले. हळद गेली, कित्येक पेवे कायमची गेली आणि व्यापार गोदामांकडे व शीतगृहांकडे वळला.

आपत्ती व्यवस्थापन या परिषदेच्या विषयाशी पेवांचा संबंध ओढूनताणून जोडलेला वाटेल, पण मला त्यात आपला सारा विषय दिसतो. पूर हा नदीचा भाग. पेवे नदीच्या काठी होती, कारण तशी माती तिथेच होती. पेवे कीड आणि ओल यांना पुरून उरणारी होती. डोक्यावर साचून राहिलेल्या पाण्यापुढे मात्र निरुपाय. पूर, काठची जागा आणि पाण्यापुढचे दुबळेपण या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा आपत्ती घडली. आणि नुकसानही सर्वांचे सारखे झाले नाही. पंचनाम्यात पोती मोजली जातात. पेवात उतरणाऱ्याचे कसब एका रात्रीत बिनकामाचे झाले, त्यासाठी पंचनाम्यात रकाना नसतो.

पूर मोजायची आम्हा सांगलीकरांची मोजपट्टी आहे कृष्णेवरचा 1929 सालचा आयर्विन पूल. 40 फुटांवर इशारा, 45 फुटांवर धोका. पावसाळ्यात या शहराचा दिवस ‘आज पाणी किती?’ याच प्रश्नाने उजाडतो. 2005 मध्ये पाणी 53 फुटांच्या वर गेले, 2019 मध्ये 57 फुटांच्या. हा आकडा मोलाचाच आहे, पण तो फक्त नदीची खबर देतो. मधल्या वर्षांत किती नाले बुजले, पुराचे पाणी वाहून नेणाऱ्या किती ओतांत घरे उभी राहिली, हे तो सांगत नाही. गणपती पेठेतला व्यापारी माल वरच्या मजल्यावर चढवू शकतो. सखल भागातल्या एका खोलीत राहणाऱ्या भाडेकरूला वरचा मजलाच नसतो. पाणी दोघांच्या दारात सारखेच येते. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गाव सोडणाऱ्या लोकांची नाव उलटली आणि अनेक बायामुलांचा जीव गेला. पुराने वेढलेली गावे त्या दिवशी पुष्कळ होती. इथे घात केला तो एकाच नावेत कोंबून बसण्याच्या नाइलाजाने. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की फुटांच्या आकड्याशेजारी प्रत्येक वॉर्डाने आणखी दोन याद्या ठेवाव्यात: पाण्याच्या वाटेत कोण राहते, आणि त्यांच्यापैकी कोणाला मदतीवाचून हलताच येणार नाही. अंथरुणाला खिळलेले वृद्ध, दिवस भरत आलेली बाई, जनावरे सोडून निघायला तयार नसलेला शेतकरी, हे सारे त्या यादीत नावानिशी असले पाहिजेत.

यावर पहिला आक्षेप येतो तो धरणांचा. कोयनेचा विसर्ग आणि अलमट्टीचा फुगवटा सांभाळा, बाकीच्या याद्या कशाला? विसर्गाचे वेळापत्रक चोख हवेच, त्याबद्दल सांगलीकर कधी गप्प बसणार नाहीत. पण नियोजन कितीही उत्तम असले तरी आभाळ फाटल्यावर पाणी येणारच, आणि तेव्हा उपयोगी पडेल ती घराघराची माहिती. दुसरा आक्षेप असा, की पूररेषेत राहायला जावेच कशाला? जागा तिथे स्वस्त मिळते आणि काम तिथून जवळ असते, म्हणून माणूस जातो. त्याला उठवायचे तर कामाजवळ दुसरी जागा द्यावी लागेल. नुसत्या नोटिसांनी रेषा मोकळी होत नाही. तिसरे म्हणणे, ही सारी चर्चा गरिबांपुरती आहे. पण 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात किल्लारीत दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे कोसळली, तेव्हा मोठे वाडेही जमीनदोस्त झाले. पैसा होता, पण बांधणी भूकंप सोसणारी नव्हती. दुबळेपण कुठे दडले आहे हे शोधावे लागते, ते गृहीत धरून चालत नाही.

आता व्यवस्थेविषयी. निवासाची सोय शाळांच्या वर्गांत केली आहे. गाद्या पातळ आहेत आणि सकाळी गरम पाण्यासाठी थांबावे लागेल. मंडपाच्या मागच्या रांगांत आवाज कमी पोचतो, तिथे आणखी एक कर्णा दुपारपर्यंत बसेल. जेवणात कमीजास्त झाले तर कार्यकर्त्यांना हक्काने सांगा. हळदीच्या अडत्यांनी आणि हमाल बांधवांनी दिलेली वर्गणी, भगिनी मंडळांनी घरोघर करून आणलेल्या चटण्या, मंडपवाल्यांनी न घेतलेले भाडे, भडंगाची पाकिटे पाठवणारे दुकानदार, नाव जाहीर करू नका म्हणणारे दाते, रात्रभर सतरंज्या घालणारी महाविद्यालयीन मुले, या सर्वांचा मी ऋणी आहे. कुणाचा उल्लेख राहिला असेल तर क्षमा असावी.

हरिपूरची पेवे आणि तिथला नद्यांचा संगम पाहण्यासाठी उद्या सकाळी 7 वाजता मंडपापासून गाड्या सुटतील. घाटाच्या पायऱ्या निसरड्या आहेत, ज्येष्ठांनी कार्यकर्त्यांचा हात धरूनच उतरावे. आता अध्यक्ष महोदयांनी परिषदेची सूत्रे हाती घ्यावीत, अशी विनंती करतो.